व्यवहार दोघांचा, हिशेब चौघांचा : ऑनलाइन कॅटानमधली देवाणघेवाण

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘मी कॅटान हा पटावरचा खेळ ऑनलाइन नियमित खेळतो. सुरुवातीच्या जागा बऱ्या निवडतो, फासेही फार दगा देत नाहीत, पण ट्रेडमध्ये मार खातो. माझ्या ऑफर कोणी घेत नाही आणि घेतली तर घेणाराच पुढे डाव मारतो. ट्रेडमध्ये जिंकायचं कसं?’

समोरच्याला ट्रेडमध्ये हरवायचं असतं, हा समज आधी डोक्यातून काढा. कॅटानमध्ये सौदा दोघांत होतो, पण डावात चौघं असतात. चांगला सौदा झाला की ते दोघं पुढे सरकतात आणि उरलेले दोघं तिथेच राहतात. त्यामुळे एका सौद्यात समोरच्यापेक्षा किती जास्त कमावलं, याला फारसा अर्थ नाही. डावभरात बाकीच्यांपेक्षा जास्त सौद्यांत तुम्ही होतात का आणि त्यातले किती सौदे आघाडीवरच्या खेळाडूशी होते, हे बघायचं. एकास एक ट्रेड करून दोघांनीही काहीतरी बांधलं, तर तुम्ही दोघांना मागे टाकलंत आणि एकाच्या बरोबरीला राहिलात. असे सौदे तीन वेगवेगळ्या लोकांशी झाले, तर प्रत्येक जण एकदा पुढे सरकतो आणि तुम्ही तीनदा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा हा खेळ १९९५ साली आला. पटावर १९ षटकोन असतात : लाकूड, मेंढी आणि गहू यांचे चार-चार, वीट आणि ओर (खनिज) यांचे तीन-तीन आणि एक वाळवंट. वाळवंट सोडून प्रत्येक षटकोनावर एक आकडा. फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली की त्या षटकोनाला लागून ज्याची सेटलमेंट (वस्ती) असेल त्याला एक पान मिळतं, सिटी असेल तर दोन. लाकूड आणि वीट दिली की रस्ता. लाकूड, वीट, गहू, मेंढी दिली की सेटलमेंट. दोन गहू आणि तीन ओर दिले की सेटलमेंटची सिटी. गहू, मेंढी, ओर दिलं की डेव्ह कार्ड (डेव्हलपमेंट कार्ड, म्हणजे न दाखवता ठेवायचं खास कार्ड). दहा गुण आधी करेल तो जिंकला. आणि आपल्या विषयाचा नियम : ज्याची पाळी चालू आहे त्याच्याशीच सौदा करता येतो, बाकीच्यांना आपसात नाही.

आता भाव. आपण लहानपणी ‘व्यापार’ खेळलो त्यात नोटा होत्या, प्रत्येक शहराची किंमत छापलेली होती. इथे किंमत कुठेच छापलेली नाही. त्यामुळे नवा खेळाडू सगळी पानं सारखी धरतो आणि तिथेच फसतो. भाव काढायची पद्धत सोपी आहे. आकड्याखाली जे ठिपके असतात, तेवढ्या वेळा फाशांच्या ३६ टाकांत तो आकडा सरासरी पडतो : ६ आणि ८ ला पाच ठिपके, ५ आणि ९ ला चार, ४ आणि १० ला तीन, ३ आणि ११ ला दोन, २ आणि १२ ला एकच. अख्ख्या पटावर मिळून ५८ ठिपके. पहिली सेटलमेंट ठेवायच्या आधीच प्रत्येक मालाचे ठिपके मोजून ठेवा. विटेचे तीन षटकोन ३, १० आणि ११ वर असतील, तर विटेला सगळे मिळून फक्त सात ठिपके. त्या पटावर वीट महागच राहणार. गव्हाला त्याच वेळी १५-१६ ठिपके असतील, तर कोणी ‘एक गहू घे, एक वीट दे’ म्हणाला की हसून पुढे जायचं. मोजायला अर्धा मिनिट लागतो. तरी फार थोडे लोक मोजतात, याचं मला अजून नवल वाटतं.

एकूण टंचाई हा भावाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे समोरच्याचा दुसरा मार्ग. बँक चार सारखी पानं घेऊन हवं ते एक देते. साधं पोर्ट (किनाऱ्यावरचं बंदर) असेल तर तीनास एक, त्या मालाचं खास पोर्ट असेल तर दोनास एक. मेंढीच्या पोर्टवर बसलेल्याला ‘दोन मेंढ्या दे, एक वीट घे’ म्हणालात, तर तुम्ही त्याला बंदराचाच भाव देताय. तरीही त्याने नाकारलं, तर त्याला वीट नकोच आहे असं समजा. उलट ज्याच्याकडे पाच मेंढ्या पडून आहेत आणि पोर्ट नाही, त्याला एका लाकडासाठी बँकेत चार मेंढ्या मोजाव्या लागतात. त्याच्याकडून दोन मेंढ्या घेऊन एक लाकूड दिलंत, तर तो खूश आणि तुम्हीही खूश. तुमचा स्वतःचा दुसरा मार्गही असाच मोजा. तीनास एकचं पोर्ट हातात असताना कुणाला तीन पानं देऊन एक घेणं म्हणजे उगाच धर्मादाय. बँक गुण करत नाही, समोरचा करतो.

तिसरा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही : हातातल्या पानांची संख्या. फाशात सात आला की ज्याच्याकडे सातपेक्षा जास्त पानं आहेत त्याला निम्मी टाकावी लागतात. पाळी संपवताना तुमच्या हातात आठ पानं असतील, तर तुमची पुढची बांधायची संधी येईपर्यंत चार टाक होतात, तिघांचे तीन आणि तुमचा एक. चारांत एकदा तरी सात पडण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट. ऑनलाइन खेळात प्रत्येकाच्या नावापुढे पानांचा आकडा दिसतो. तुमची पाळी आली की आधी तो बघा. नऊ पानं घेऊन बसलेला माणूस दोनास एक द्यायला सहज तयार होतो, कारण त्याला ओझं उतरवायचं असतं. फक्त तो आघाडीवर असेल तर त्याचं ओझं उतरवायला जाऊ नका. त्याला सात भोगू दे.

पाळीचा क्रमही भावातच धरायला हवा. तुम्ही दिलेलं पान समोरच्याला त्याची पाळी आल्यावरच वापरता येतं. तुमच्यानंतर लगेच ज्याची पाळी आहे, त्याच्या आणि त्या पानाच्या मध्ये फक्त त्याचाच टाक असतो. म्हणजे सहात पाच वेळा तो निर्धास्त. तुमच्या आधी जो खेळून गेला, त्याला मात्र तीन टाक थांबावं लागतं, आणि तेवढ्यात सात पडण्याची शक्यता ४२ टक्के. सात पडला की हात मोठा असेल तर निम्मा जातो, लहान असला तरी रॉबर (सात पडल्यावर हलवायची चोराची सोंगटी, जी बसलेल्या षटकोनाचं उत्पन्नही थांबवते) एखादं पान उचलू शकतो. शिवाय वाटेत कोणी नाइट (रॉबर हलवू देणारं डेव्ह कार्ड) काढला तर तो धोका वेगळाच. म्हणून दोघं सारखाच भाव देत असतील आणि बाकी परिस्थिती सारखी असेल, तर नुकताच खेळून गेलेल्याला विका.

हे सगळं एका पाळीत कसं एकत्र येतं, ते जरा जवळून बघू. तुम्ही निळे, सहा गुणांवर. हातात तीन ओर, एक गहू, दोन मेंढ्या, एक लाकूड. एक गहू मिळाला की सिटी. ज्या सेटलमेंटची सिटी करायची ती ६, ९ आणि १० वर आहे, म्हणजे पाच, चार आणि तीन मिळून बारा ठिपके. सिटी झाली की ३६ टाकांत बारा पानं जास्त. एका फेरीचे चार टाक धरले तर फेरीला साधारण सव्वा ते दीड पान वाढलं. म्हणजे सिटी एक फेरी लांबली, तर एका पानाहून जास्त तोटा आहे. एरवी तोट्याचा दिसणारा दोनास एकचा सौदा इथे एका फेरीत वसूल होतो. वर एक गुण मिळतो तो वेगळाच.

गहू दोघांकडे आहे. पांढऱ्याकडे नाही, त्याला सोडून द्या. नारिंगी पाच गुणांवर आहे, आणि लॉग (पडद्यावरची डावाची नोंद) नीट वाचलात तर त्याच्या हातात एक वीट, दोन गहू आणि एक ओर आहे. लाल सात गुणांवर आहे. त्याचे दोन नाइट खेळून झालेत, हातात दोन गहू आणि एक ओर असल्याचं लॉगमधून कळतं. तुम्ही गहू मागितल्याबरोबर लाल म्हणतो, ‘एक मेंढी दे, गहू घे.’ एकास एक! नारिंगीला मात्र लाकूड आणि मेंढी दोन्ही हवंय.

पानं मोजणारा लालकडे जाईल. आता लालचा हात बघा. गहू देऊन त्याच्याकडे एक गहू आणि एक ओर उरतो, त्यात तुमची मेंढी गेली की डेव्ह कार्ड तयार. २५ डेव्ह कार्डांपैकी १४ नाइट असतात. तिसरा नाइट निघाला की सर्वांत मोठ्या सैन्याचे दोन गुण, म्हणजे लाल नऊवर. स्वस्त दिसणारी ही मेंढी पटावरची सगळ्यात महाग मेंढी आहे.

मग नारिंगी. त्याने मागितल्याप्रमाणे लाकूड आणि मेंढी दिलीत, तर गहू देऊन उरलेली वीट आणि गहू यांना ती दोन्ही मिळून त्याची सेटलमेंट पूर्ण होते. तेवढं द्यायची गरज नाही. आधी नुसतं लाकूड द्यायची ऑफर करा : त्याचा फार तर एक रस्ता होईल. ते नको म्हणाला, तर दोन मेंढ्या. त्यात त्याचं डेव्ह कार्ड होईल, सेटलमेंट नाही. देताना लाकूड आणि मेंढी एकत्र द्यायची नाही, एवढं धरून ठेवा. आणि तरीही अडला तर पटाकडे बघा. त्याच्या रस्त्याच्या टोकाला सेटलमेंट ठेवण्याजोगा मोकळा कोपराच नसेल, तर त्याच्या हातात चारही पानं जमली तरी काय बिघडलं? तेव्हा खुशाल दोन्ही द्या. कुणाला काय द्यायचं हे आपल्या हाताकडे बघून ठरत नाही, ते त्याच्या उरलेल्या पानांकडे आणि त्याच्या रस्त्याच्या टोकाकडे बघून ठरतं.

इथे लॉगचा उल्लेख दोनदा आला. ऑनलाइन खेळणाऱ्याला टेबलावर खेळणाऱ्यापेक्षा मिळालेला हा सर्वांत मोठा फायदा. प्रत्येक टाकात कोणाला काय मिळालं, कोणी काय दिलं, काय बांधलं, सगळं लिहिलेलं असतं. रॉबरने चोरलेलं पान तेवढं चोर आणि ज्याचं गेलं तो सोडून इतरांना दिसत नाही. चौघांचे हात पाठ ठेवायची गरज नाही. आघाडीवरचा आणि तुमच्या पाळीत ज्याच्याशी सौदा करणार तो, एवढ्या दोघांचे ठेवले तरी पुरे.

आता ऑफर टाकायची कशी. ऑनलाइन ऑफर बहुधा एकाच वेळी तिघांपुढे जाते, आणि ज्यांना मान्य आहे त्यांच्यापुढे खूण येते. कोणाशी सौदा करायचा ते तुम्ही निवडता. पहिली खूण दिसली की लगेच दाबणारे लोक इतके आहेत की विचारू नका! दोन क्षण थांबा. दुसरी खूण येऊ दे, मग जो मागे आहे त्याला निवडा. घड्याळ चालू असतं हे खरं, पण त्यात एवढी सवड असते.

दोन पानं कमी पडत असतील, तर दुर्मीळ पान आधी मागा. ते मिळालं नाही, तर सहज मिळणाऱ्या पानासाठी तुमचं काही खर्च झालेलं नसतं. उलट केलंत, तर पहिल्या सौद्यातच सगळ्यांना कळतं की तुम्ही काय बांधताय, आणि दुसऱ्याचा भाव चढतो. मागणं हीच एक बातमी असते, हे लक्षात ठेवा. ‘दोन मेंढ्या देतो, ओर द्या’ म्हणालात की तुमच्याकडे मेंढ्या आहेत आणि तुम्ही सिटीकडे किंवा डेव्ह कार्डाकडे चाललात, हे तिघांना कळलं. ओर नको असताना ओर मागून दिशाभूल करणारेही आहेत. मी स्वतः त्या वाटेला फारसा जात नाही, कारण कोणी खरंच हो म्हणालं तर मागे फिरताना शोभा होते.

नाकारलेली ऑफर तशीच पुन्हा टाकू नका. लोक वैतागतात आणि तुमच्या पुढच्या चांगल्या ऑफरकडेही न बघता फुली मारतात. ‘माझ्या ऑफर कोणी घेत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच कारण असतं. बदलून टाका : एक पान वाढवा, नाहीतर दुसरा माल द्या. आणि शक्य असेल तर समोरच्याला काय हवंय ते आधी बघून मगच टाका. त्याच्या मागच्या पाळीत त्याने काय मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, ते लॉगमध्ये असतं. तेच देऊ केलंत तर घासाघीस करावीच लागत नाही. स्वतःच्या पाळीत तर ऑफर टाकाच, पण दुसऱ्याच्या पाळीतही उलट ऑफर देत राहा. नुसतं हो किंवा नाही म्हणणारा खेळाडू निम्मे सौदे गमावतो.

बोलणं किती करावं? बऱ्याच ऑनलाइन डावांत गप्पा जवळपास नसतातच, चार ठरलेली चित्रं आणि एखादं वाक्य. टेबलावर मात्र निम्मा खेळ बोलण्यावर चालतो. एडिनबरा आणि तुलूजच्या संशोधकांनी तर ऑनलाइन कॅटानमधले सौद्यांचे संवाद गोळा करून वाटाघाटीची भाषा अभ्यासली आहे. तुम्हाला गप्पांची सोय असेल तर ती एकाच कामासाठी वापरा : आघाडीवरच्याला माल मिळू नये म्हणून. तेही ‘त्याला देऊ नका, तो जिंकतोय’ असं मोघम बोलून उपयोग नाही. ‘लालला मेंढी मिळाली की डेव्ह कार्ड, नाइट निघाला की नऊ’ असं त्याच्या हातासकट सांगा. आकडा ऐकल्यावर लोक थांबतात. मात्र तुम्ही स्वतः दुसऱ्या नंबरवर असाल, तर हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून येऊ दे. नाहीतर ‘आणि तू कोण?’ हा प्रश्न येतोच.

रॉबरच्या वेळचे सौदे हा वेगळा प्रकार. सात पडल्यावर कोणीतरी म्हणतो, ‘माझ्या ८ वर ठेवू नको, पुढच्या पाळीत गहू देतो.’ नियमानुसार असा शब्द बांधील नसतो. अनोळखी लोकांबरोबरच्या डावात त्याला काडीची किंमत देऊ नका. पण आत्ता मिळणारा मोबदला वेगळा. पाळी तुमचीच आहे, रॉबर हलवल्यावर तुम्हाला सौदा करता येतो, आणि ज्याला वाचवलंत त्याच्याकडून लगेच ऑफर मागता येते. फुकट पान देता-घेता येत नाही, म्हणून ‘एक मेंढी घे आणि एक ओर दे’ असा नावापुरता मोबदला ठेवावा लागतो. त्याने तेवढ्यातच पाठ फिरवली, तर पुढचा नाइट त्याच्याच ८ वर.

मोनोपॉलीचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. हे डेव्ह कार्ड खेळून एका मालाचं नाव घेतलं की सगळ्यांनी त्यांच्याकडची ती सगळी पानं तुम्हाला द्यायची. २५ कार्डांत अशी दोनच असतात. जुनी चाल अशी की एखाद्याने आपल्या पाळीत ओर उदारपणे वाटायचा, प्रत्येकाकडून हवं ते घ्यायचं आणि मग मोनोपॉली खेळून दिलेला सगळा ओर परत ओढायचा. नियमात बसतं. काहींना ते पटत नाही, मला त्यात काही गैर वाटत नाही, पण त्या डावात नंतर तुमच्याशी कोणी बोलणार नाही हे गृहीत धरून, जिंकायच्या पाळीतच वापरा. ओळखायचं कसं? ज्याच्याकडे आधीच्या एखाद्या पाळीत घेतलेलं पण न खेळलेलं डेव्ह कार्ड आहे (त्याच पाळीत घेतलेलं खेळता येत नाही), आणि जो अचानक एकच माल नेहमीपेक्षा स्वस्त विकायला लागलाय, त्याच्याकडून त्या पाळीत काही घेऊ नका. स्वस्ताई कशासाठी, हे आधी स्वतःला विचारा.

सुरुवात, मध्य आणि शेवट यांत धोरण बदलतं. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत सढळ हाताने सौदे करा. तेव्हा कोणीच जिंकत नसतो, आणि एक रस्ता किंवा सेटलमेंट आधी होणं सोन्याच्या मोलाचं असतं. वीट आणि लाकडाचा भाव तेव्हा चढा असतो. मधल्या डावात तो उतरतो, गहू आणि ओर चढतात. सुरुवातीला जास्तीची वीट आहे म्हणून साठवून ठेवणाऱ्याला आठव्या फेरीत कोणी विचारत नाही.

कोणाचे आठ गुण दिसायला लागले की त्याच्याशी सौदा बंद. अगदी एकास तीन देत असला तरी. आणि दिसणारे गुणच मोजू नका : २५ डेव्ह कार्डांत पाच कार्डं थेट एका गुणाची असतात आणि ती लपवून ठेवता येतात. सात गुण आणि तीन न खेळलेली कार्डं असलेला माणूस नऊवर असू शकतो. बऱ्याच फेऱ्या जुनं, न खेळलेलं कार्ड, तेही खेळायची चांगली संधी येऊन गेलेली असताना, बहुतेक वेळा गुणाचंच असतं.

तुम्हीच आठवर पोचलात, तर हेच सगळं तुमच्यावर उलटतं. सौदे मिळणार नाहीत, हे धरून मधल्या डावातच एखादं पोर्ट घेऊन ठेवायचं असतं. तुमचा जो माल जास्त येतो त्याचं दोनास एकचं पोर्ट असेल, तर शेवटचे दोन गुण कोणाला न विचारता होतात. पोर्ट नसेल, तर आठवर जायची घाई करू नका. सात गुणांवर थांबून पानं जमवा आणि एकाच पाळीत तीन गुणांची उडी घ्या, उदाहरणार्थ एक सिटी आणि सर्वांत लांब रस्त्याचे दोन गुण. हात मोठा राहतो, साताची भीती असते, ती पत्करावी लागते. तरी तोपर्यंत समोरचे तुमच्याशी सौदा करत असतात, कारण त्यांना अजून लाल खेळाडूच पुढे दिसतोय.